बल्बच्या खोक्यावर रंगाचाही आकडा हवा

लग्नसराई सुरू झाली की खातेगावातल्या माझ्या मॅचिंग सेंटरमध्ये आतल्यापेक्षा पायरीवर जास्त गर्दी असते. बाई आत येते, साडीचा पदर काउंटरवर पसरते. मी रुबियाचे चार-पाच तुकडे काढून पदरावर टाकते, त्यातला एक तिला पटतो आणि मग ठरलेला प्रश्न येतो, "भाभी, बाहर उजाले में देख लूँ?" कन्नौदची असो, नेमावरची असो, नाहीतर नर्मदेचा पूल ओलांडून हंडियाहून आलेली असो, हा प्रश्न चुकत नाही. पायरीवर ती एका हातात पदर आणि दुसऱ्या हातात तुकडा धरते, उन्हाकडे वळते, सावलीकडे वळते आणि पुष्कळदा मान हलवत परत येते. आत जुळलेला रंग बाहेर जुळलेला नसतो.

तिचं बरोबर असतं. कापड तेच, डोळे तेच. बदललेला असतो तो उजेड. आणि कोणता दिवा रंग किती खरा दाखवतो हे सांगणारा एक आकडा जगात गेली कित्येक दशकं वापरात आहे. तो आकडा आपल्याकडे सामान्य गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. बल्बच्या खोक्यावर वॉट मोठ्या अक्षरात, वॉरंटी मोठ्या अक्षरात, विजेच्या बचतीच्या चांदण्या रंगीत पट्टीवर. रंगाचा आकडा असलाच तर खोक्याच्या तळाशी, चष्मा लावून शोधावा लागेल इतका बारीक. माझ्या दुकानात आलेल्या कितीतरी खोक्यांवर तो मला सापडलेलाच नाही. हा आकडा दर्शनी बाजूला, वॉटच्या शेजारी छापलेला असावा, अशी माझी मागणी आहे. ती का करावीशी वाटते हे थोडं खोलात जाऊन सांगते.

माझं माहेर देवासचं. पवारांच्या संस्थानापासून तिथे मराठी घरं आहेत, त्यातलंच एक आमचं. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकले, लग्न होऊन खातेगावला आले आणि सासऱ्यांच्या कापडदुकानाला जोडून फॉल, अस्तर, रीळ आणि ब्लाउजपीस यांचं हे दुकान सुरू केलं. पुस्तकात वाचलेला प्रकाशाचा धडा मला या काउंटरवर रोज पुन्हा वाचायला मिळतो.

ऊन पांढरं दिसलं तरी एकजिनसी नसतं, हे न्यूटनने लोलकातून ऊन घालून पाहिलं आणि १६७२ साली छापून जगापुढे मांडलं. आपण त्याची तानापिहिनिपाजा पाठ करतो. इथल्या हिंदी शाळेत माझी मुलं बैनीआहपीनाला पाठ करून यायची. त्यांची यादी जांभळ्याकडून सुरू व्हायची आणि माझी तांबड्याकडून. पाठांतराला माझी हरकत नाही. पण धडा तिथेच थांबतो, याचं मला फार वाईट वाटतं. उन्हात सात रंग आहेत इथवर मूल पोचतं आणि त्या उन्हाचं साडीवर पडल्यावर काय होतं, हा खरा मजेचा भाग राहूनच जातो.

होतं ते असं. कापडावर चढवलेल्या रंगाचा रेणू अंगावर पडलेल्या प्रकाशातला ठरावीक भाग शोषून घेतो. उरलेला भाग परत फिरतो आणि आपल्या डोळ्यांत शिरतो. मरून साडी निळा, हिरवा आणि पिवळ्याचा बराचसा भाग ठेवून घेते आणि गडद तांबडा परत पाठवते. झाडाच्या पानातलं हरितद्रव्य तांबडा आणि निळा शोषून त्यावर अन्न तयार करतं. मधला हिरवा त्याला तेवढा लागत नाही, म्हणून पान हिरवं दिसतं. आमच्याकडची काळी माती जवळजवळ सगळाच प्रकाश पोटात घेते. तो प्रकाश उष्णता होऊन मातीतच राहतो, म्हणून मे महिन्याच्या दुपारी नांगरलेल्या रानात अनवाणी पाय ठेववत नाही.

याचा एक प्रयोग कुणालाही घरी करता येईल. देवघरात लाल रंगाचा झीरोचा बल्ब अनेकांकडे असतो. रात्री बाकीचे दिवे मालवा, दारंखिडक्या लावा आणि त्या एका बल्बच्या उजेडात पांढऱ्या कागदावर कुंकवाची चिमूट टाका. कुंकू दिसेनासं होतं, कारण कागद तांबडा परतवतो आणि कुंकूही तांबडाच परतवतं. दोघांत फरक उरत नाही. तिथेच तुळशीचं पान ठेवा. ते काळं दिसतं. त्याला परतवायला हवा असलेला हिरवा प्रकाश त्या खोलीत मुळी नाहीच. शेजारची मुलं दुकानात आली की मी हा प्रयोग दोऱ्याच्या रिळांवर करून दाखवते. हिरवं आणि निळं रीळ काळं पडलेलं आणि लाल-पांढरं जुळं झालेलं पाहून ती रिळं हातात घेऊन दाराशी पळतात, पुन्हा आत येतात. त्यांना त्या दिवशी जे कळतं ते पुढे कुठल्याही परीक्षेत विसरायला होत नाही.

म्हणजे रंग ठरायला तीन गोष्टी लागतात: कोणता प्रकाश पडला, वस्तूने त्यातला काय शोषला आणि उरलेल्याकडे डोळ्याने कसं पाहिलं. दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघंही फक्त मधलीच गोष्ट धरून बोलतात.

डोळ्याचं काम समजून घेतल्याशिवाय मॅचिंगचा घोळ समजत नाही. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या. आत आलेल्या प्रकाशात नेमक्या कोणत्या तरंगलांबीचा किती भाग आहे याची यादी त्या करत नाहीत. प्रत्येक प्रकार आपापल्या पट्ट्यातली एकूण बेरीज मेंदूला कळवतो, एवढंच. तीन बेरजा जुळल्या की मेंदू म्हणतो रंग एकच. आता साडी पॉलिएस्टरची, तिला लागलेला रंग एका कुळातला. ब्लाउजपीस सुती, त्याचा रंग दुसऱ्याच कुळातला. दोघं प्रकाश शोषतात ते वेगवेगळ्या ठिकाणी. माझ्या ट्यूबखाली तीनही बेरजा योगायोगाने सारख्या येतात आणि रंग जुळतो. उन्हात प्रकाशाचं मिश्रण बदलतं, बेरजा फाकतात आणि आमसुली साडीवरचा तोच तुकडा तपकिरी दिसायला लागतो. रंगशास्त्रात याला मेटामेरिझम म्हणतात. कापडगिरण्यांमध्ये यासाठी खास पेट्या असतात. आत वेगवेगळ्या जातीचे दिवे आळीपाळीने लावायचे आणि प्रत्येकाखाली नमुना तपासायचा. खेड्यातल्या बाईला ती पेटी मिळत नाही, म्हणून ती पायरीवर जाते. तिच्या परीने ती गिरणीतलीच चाचणी करत असते.

पांढऱ्याचा घोळ वेगळाच. पांढरं अस्तर जुळवणं सोपं असेल असं नव्या माणसाला वाटतं. आम्हाला विचाराल तर सगळ्यात डोकेदुखी पांढऱ्याची. पूर्वी पांढऱ्या कपड्यांना नीळ द्यायचे. जुनं सूत पिवळट होतं ते निळा प्रकाश थोडा शोषतं म्हणून. नीळ पिवळा-तांबडा थोडा शोषते आणि समतोल साधते. कपडा किंचित काळवंडतो, पण पिवळटपणा जातो. हल्लीच्या कापडांत आणि धुण्याच्या पावडरींत चकाकी आणणारी रसायनं असतात. ती उन्हातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषतात आणि त्याच्या बदल्यात दिसणारा निळसर प्रकाश बाहेर टाकतात. म्हणून नवा सदरा उन्हात डोळे दिपवतो. एलईडीच्या उजेडात अतिनील जवळजवळ नसतंच. दुकानात सारखे दिसणारे दोन पांढरे तुकडे बाहेर नेले की एक निळसर झळाळतो आणि दुसरा ताकासारखा दिसतो.

आता त्या दिव्याकडे वळते. बंद पडलेल्या एलईडी बल्बची दुधी टोपी काढून पाहिली तर आत पिवळ्या रंगाचे बारीक चौकोन दिसतात. पांढरा उजेड देणाऱ्या दिव्यात पिवळे चौकोन कशाला? त्या चौकोनाखाली असतो तो निळा दिवा, साधारण ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा. निळा एलईडी तयार करणं हे इतकं अवघड काम होतं की ते साधणाऱ्या इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. वरचा पिवळा थर त्या निळ्याचा काही भाग शोषतो आणि पिवळ्या रंगाचा रुंद पट्टा बाहेर टाकतो. निळा आणि पिवळा मिळून आपल्याला पांढरा वाटतो. या प्रकाशाचा आलेख काढला तर निळ्यापाशी एक उंच सुळका दिसतो, निळ्या-हिरव्याच्या मध्ये खळगा, मग पिवळ्याची पसरट टेकडी, आणि गडद तांबड्याकडे जाता जाता सगळं उतरणीला लागलेलं. उन्हाचा आलेख इतका वरखाली होत नाही, आणि जुन्या तारेच्या बल्बचा तर तांबड्याकडे चढत जातो. त्याला वीज भरमसाट लागायची आणि बहुतेक उष्णतेत वाया जायची, पण लाल लुगडं त्याच्या उजेडात लालच दिसायचं.

रंग किती खरा दिसतो ते मोजायला सीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९६०च्या दशकात एक पद्धत ठरवली. ठरलेले रंगाचे नमुने त्या दिव्याखाली कसे दिसतात याची आदर्श प्रकाशाशी तुलना करायची आणि १०० पैकी गुण द्यायचे. हाच सीआरआय. तारेच्या बल्बला जवळजवळ १०० मिळतात. आपल्या बाजारातल्या साध्या एलईडीला साधारण ८० च्या आसपास. महामार्गावर पूर्वी जे पिवळे सोडियमचे दिवे होते त्यांना पंचवीसच्या आसपास. इंदूर-बैतूल रस्त्यावर रात्री अशा दिव्याखाली लाल गाडी आणि तपकिरी गाडी ओळखू यायची नाही. यात एक मेख आहे. सरासरी काढतात ती पहिल्या आठ नमुन्यांची, आणि ते सगळे फिकट रंग आहेत. गडद लाल हा नववा नमुना, तो या सरासरीत धरलेलाच नाही. त्यामुळे ८० गुणांचा दिवा गडद लालमध्ये शून्याच्या आसपासही असू शकतो. आणि आपल्या बाजारात खपतं काय? कुंकवाचा लाल, शालूचा लाल, मरून, डाळिंबी, राणी.

धार जिल्ह्यातलं बाघ गाव याच लालवर जगतं. तिथली बाघ प्रिंट मी दुकानात ठेवते, त्यामुळे ते काम जवळून पाहिलं आहे. ते करणारी खत्री कुटुंबं मूळची सिंधची, पिढ्यान्‌पिढ्या सरकत मनावरला आली आणि १९६२ साली वाहत्या बाघिनी नदीच्या आधाराने बाघला स्थिरावली. कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढतात, ते पिवळट होतं. मग सागवानी ठशांनी छपाई. काळ्यासाठी लोखंडाचा गंज आणि गूळ कित्येक दिवस आंबवलेलं पाणी. लालसाठी तुरटी आणि चिंचोक्याची खळ. पाहणाऱ्याला इथेच चकवा बसतो. तुरटीचा ठसा उठतो तेव्हा तिथे लाल असं काहीच नसतं, फिकट डाग असतो. कापड वाळवून, नदीत धुऊन, अलिझरिन आणि धावडीची फुलं घातलेल्या उकळत्या पाण्यात सोडलं की काठीने ढवळता ढवळता तो डाग गुलाबी होतो, विटकरी होतो आणि शेवटी भरदार लाल होऊन बसतो. भट्टीपाशी उभं राहून मी हे पाहिलं तेव्हा कॉलेजातल्या रसायनाच्या तासाला जे डोक्यावरून गेलं होतं ते समोर घडताना दिसलं. अलिझरिन एकच, तुरटीतलं ॲल्युमिनियम त्याला भेटलं की तो निळा-हिरवा शोषायला लागतो आणि लाल दिसतो. लोखंड भेटलं तर तोच अलिझरिन जांभळट काळा होतो. धातूच्या संगतीने रेणूतल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते आणि कोणता प्रकाश शोषायचा हेच बदलून जातं. पूर्वी हा लाल मंजिष्ठा आणि आल यांच्या मुळांतून काढत. १८६८ साली बर्लिनमध्ये ग्रेबे आणि लीबरमान यांनी डांबरापासून निघणाऱ्या रसायनातून अलिझरिन तयार केलं. वनस्पतीत सापडणारा रंग प्रयोगशाळेत तयार झाला तो पहिल्यांदा.

इतक्या कष्टाने आलेला हा लाल स्वस्त एलईडीखाली विटकरी, मळका दिसतो. त्याला परतवायला लागणारा गडद तांबडा प्रकाश दिव्यातच कमी असतो. गिऱ्हाईक म्हणतं, रंग दबलेला आहे, आणि शेजारची रासायनिक रंगाची भडक नक्कल उचलतं. ही तक्रार मी कारागिरांकडूनही ऐकली आहे. प्रदर्शनं भरतात ती बंद हॉलमध्ये, पांढऱ्याशुभ्र एलईडीच्या झोतात, आणि ज्या मालाची खरी श्रीमंती उन्हात कळते तो तिथे फिका पडतो. हातमाग आणि हस्तकलेसाठी सरकार एवढं करतं. त्या स्टॉलवर दिवे कोणते लावायचे याचा विचार मात्र कुठे झालेला मला दिसला नाही.

सगळेच रंग शोषणातून येतात असं नाही, हेही जाता जाता सांगायला हवं. मोराच्या पिसात निळा रंग नसतोच. असतं ते काळपट मेलॅनिन, आणि त्याच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाशाचे काही भाग एकमेकांना बळ देतात, काही खोडतात. आमच्या देवासला बँक नोट प्रेस आहे, तिथे नोटांसोबत त्यांची शाईही तयार होते. पाचशेची नोट तिरकी केली की मधली पट्टी हिरव्याची निळी होते ती याच जातीच्या युक्तीने. धूपछांव साडीची गंमत त्याहून साधी, ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्याचा, म्हणून कोन बदलला की रंग बदलतो. तिला ब्लाउज कोणत्या रंगाचं घ्यावं, यावर एकाच घरातल्या सासू-सुनांचं एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही.

साड्यांपुरताच प्रश्न असता तर वर्तमानपत्राची जागा मी मागितली नसती. माझी नात जन्मली तेव्हा दोन-तीन दिवसांत सिस्टर आल्या, बाळाला उचललं आणि खिडकीपाशी नेलं. खोलीतला दिवा बंद करायला सांगितला. बाळाच्या नाकाच्या शेंड्यावर बोट दाबून सोडलं, मग छातीवर, मग पायावर. दाबल्यावर त्या जागेचं रक्त क्षणभर बाजूला होतं आणि खालच्या कातडीचा रंग उघडा पडतो. तो पिवळा आहे का, आणि पिवळेपणा अंगावर कुठवर उतरला आहे, हे त्या बघत होत्या. "ट्यूब में पीला पता नहीं चलता," त्या म्हणाल्या. कावीळ म्हणजे रक्तातलं बिलिरुबिन वाढणं. हे द्रव्य निळा प्रकाश शोषतं, म्हणून पिवळं दिसतं. सावळ्या बाळाच्या अंगावर ते ओळखणं आणखी अवघड, आणि ज्या दिव्यात निळ्याचा सुळका आणि बाकी रंगांचा खळगा आहे त्याखाली तर विचारायलाच नको. खात्री रक्ताच्या तपासणीनेच होते, पण तपासणीला पाठवायचं की नाही हे खेड्यात बहुतेक वेळा डोळाच ठरवतो.

या काविळीच्या उपचारामागेही शोषणच आहे. १९५६ साली इंग्लंडमधल्या रॉचफर्ड इस्पितळात जे. वॉर्ड नावाच्या सिस्टर अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊन द्यायला बाहेर नेत. एका बाळाचं अंग उन्हाने पिवळेपणा जाऊन उजळलं होतं आणि चादरीच्या कोपऱ्याने झाकलेली जागा तेवढी पिवळी राहिली होती, हे त्यांच्या नजरेला आलं. त्यांनी ते डॉक्टरांना दाखवलं. दोन वर्षांत तिथल्या डॉक्टरांनी निळ्या दिव्यांचा पाळणा तयार करून निष्कर्ष छापले. बिलिरुबिन निळा प्रकाश शोषतं आणि त्या ऊर्जेने त्याच्या रेणूचा आकार बदलतो. बदललेलं द्रव्य शरीराला सहज बाहेर टाकता येतं. आज जिल्ह्या-जिल्ह्याच्या इस्पितळात बाळं डोळ्यांना पट्टी बांधून निळ्या उजेडात झोपलेली असतात, त्याची सुरुवात एका परिचारिकेने रंग नीट पाहिला तिथे आहे. तिने तो उन्हात पाहिला.

आमच्या मंडीतही हेच. सोयाबीन, गहू, हरभऱ्याचा लिलाव दिवसाउजेडी होतो. व्यापारी ढिगात हात घालून मूठभर दाणे तळहातावर घेतो आणि शेडच्या कडेला उन्हात येतो. दाणा डागी आहे, हिरवा राहिला आहे की पावसाने काळवंडला, यावर शेतकऱ्याचा क्विंटलमागचा भाव ठरतो. रंगावर पैसे ठरत असतील तिथे प्रकाश कोणता, हे दोन्ही बाजूंना माहीत असलं पाहिजे.

मी एलईडीच्या विरोधात नाही. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली, ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले, शेकड्यांत असलेली किंमत सत्तर रुपयांपर्यंत उतरली. ज्या घरांत संध्याकाळी चाळीस वॉटचा एक मिणमिणता दिवा असायचा तिथे मुलं आज लख्ख उजेडात अभ्यास करतात. हे मोठं काम आहे. पण त्याच धोरणात एक गोष्ट सुटली. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या चांदण्या मिळतात त्या एका वॉटमागे किती ल्यूमेन प्रकाश मिळतो त्यावर. ल्यूमेन मोजताना माणसाच्या डोळ्याला जो प्रकाश जास्त उजळ वाटतो त्याला जास्त वजन असतं, म्हणजे ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या पिवळट हिरव्याला. गडद तांबड्याला वजन अगदी थोडं. साहजिकच जो कारखानदार दिव्यात गडद तांबडा घालेल त्याचे ल्यूमेन कमी भरतील आणि चांदण्या घटतील. जो तांबडा गाळेल त्याला शाबासकी. रंग खरा दाखवणाऱ्या दिव्याला आपली चांदण्यांची पट्टी नकळत शिक्षा करते. वीज वाचवण्यासाठी हे मोजमाप योग्यच आहे, पण शेजारी दुसरं मोजमाप नसेल तर गिऱ्हाइकाने निवडायचं कशावर?

त्यात भर खोक्यावरच्या "कूल डेलाइट" या शब्दांची. लोक समजतात हा उन्हासारखा उजेड. प्रत्यक्षात त्या शब्दांचा अर्थ एवढाच की पांढऱ्याची छटा निळसर आहे. छटा दिवसासारखी असली म्हणून रंगांचा भरणा दिवसासारखा होत नाही. कितीतरी दुकानदार, शिंपी आणि ब्यूटी पार्लरवाल्या मुली या शब्दावर विसंबून ट्यूब घेतात आणि नंतर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकत बसतात.

नव्वद गुणांच्या वरचे दिवे मिळतात, महाग पडतात आणि तेवढ्याच विजेत थोडा कमी उजेड देतात, हे खरं आहे. काउंटरवरच्या दोन ट्यूब मी इंदूरहून तशा मागवल्या. किंमत साध्या ट्यूबपेक्षा बरीच जास्त पडली. पायरीवर जाणाऱ्या बायका कमी झाल्या नाहीत, त्या जाणारच, पण मान हलवत परत येणाऱ्या कमी झाल्या. प्रत्येक घरात, गोठ्यात, जिन्यात असा दिवा हवा असं मी म्हणत नाही. तिथे साधा दिवा पुरेसा आहे. ज्याला रंग पाहून निर्णय घ्यायचा आहे त्याला निवड करता यावी, एवढंच म्हणणं आहे. युरोपीय संघाने विजेच्या बचतीच्याच नियमांत २०२१ पासून बहुतेक दिव्यांना ८० गुणांची किमान अट घातली. बचत आणि रंग एकाच नियमावलीत बसू शकतात.

चांदण्यांच्या त्याच पट्टीवर सीआरआयचा आकडा आणि त्याखाली गडद लालचा वेगळा आकडा छापणं सक्तीचं करावं. सरकारी खरेदीच्या निविदेत जागा पाहून अट घालावी: हातमाग-हस्तकलेची प्रदर्शनं आणि विक्री केंद्रं, मंडीतल्या प्रतवारीच्या खोल्या, शाळांचे चित्रकलेचे वर्ग, आणि सगळ्यात आधी प्राथमिक आरोग्य केंद्रांतले प्रसूतिकक्ष. एका केंद्रात अशा खोल्या एक किंवा दोन, दिवे चार-सहा. पुढच्या वेळी जुने दिवे गेले की त्यांच्या जागी नव्वदच्या वरचे बसवायचे, त्यासाठी वेगळी योजनाही लागत नाही.